अ‍ॅप न घेणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांसारखी माणसं गावोगाव असती, तर अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच पापड लाटायला लागल्या असत्या. मामा कुळगावात राहतात. चांगला महागातला स्मार्टफोन दिवसभर वापरतात, पण फोनबरोबर आलेली सोडली तर त्यात एकही अ‍ॅप घेत नाहीत. बातम्या, बँक, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरची वेळ, सगळं ब्राउझर उघडून, वेबसाइटचं नाव स्वतः टाइप करून. तेही एका बोटानं, आणि शेवटचं 'डॉट कॉम' तोंडानं म्हणत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर ते सुरक्षा अधिकारी होते. आत आलेला माणूस बाहेर गेलाच पाहिजे, हे हाडात भिनलेलं. "वेबसाइट काम झालं की निघून जाते, जावईबापू," ते मला समजावतात. "अ‍ॅप म्हणजे कामाला आलेला माणूस घरीच राहायला लागतो." एकदा मामींनी हौसेनं त्यांच्या फोनवर पंचांगाचं अ‍ॅप टाकलं. त्यानं कॅमेऱ्याची परवानगी मागितली. एकादशी बघायला कॅमेरा कशाला, असं विचारून मामांनी ते काढलं आणि दोन दिवस मामींशी बेताचंच बोलले. मामींच्या फोनवर मात्र अ‍ॅपची जत्रा. मामा भाजीच्या वेबसाइटचा पासवर्ड आठवत बसतात, तोवर मामींची कोथिंबीर दारात येऊन तिची चटणीही झालेली असते. मागे बॅटरी बदलायला मामा उल्हासनगरला गेले, तर दुकानदार फोन बघून म्हणाला, "अंकल, इतनी जगह खाली है, किराये पे दे दो." मामांना तो सन्मानच वाटला. अजून चारचौघांत सांगतात.

त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिचा व्हिडिओ कॉल आला की मामी स्वयंपाकघरात अ‍ॅपवर आणि मामा हॉलमध्ये, तिनं पाठवलेली लिंक ब्राउझरमध्ये उघडून. चित्र सारखं अडकायचं. मामा शांतपणे वाट बघायचे. एका रविवारी मी तिथेच होतो. स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या, "अहो, चालली बघा ती." मामांच्या फोनवर नात अजून सोफ्याला धरून उभीच होती. ते उठून आत धावले, तोवर ती पहिली पावलं टाकून खाली बसलीही होती. मामी कौतुकानं परत परत तेच सांगत राहिल्या. मामा हसून ऐकत होते, पण जेवताना त्यांनी भात परत वाढून घेतला नाही.

मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आले आणि फोन माझ्या हातात दिला. "ते कॉलचं अ‍ॅप तेवढं घेऊन द्या."

"ते कॅमेरा मागतंय, मामा."

"मागेल ते द्या."

परवा दुपारी गेलो, तर मामा फोन तांब्याला टेकवून बसले होते. तिकडे संध्याकाळ झालेली. नात खेळता खेळता सोफ्यावरच झोपली होती. "बाबा, झोपली ती. ठेवू का?" मुलीनं विचारलं. मामा हळूच म्हणाले, "तू तुझी कामं उरक. मी आहे इथे."

मला त्यांनी खुणेनंच बसायला सांगितलं. मग उठले, आवाज तिकडे जाऊ नये म्हणून डोक्यावरचा पंखा बंद केला, आणि घाम टिपत परत तिच्यासमोर येऊन बसले.