अठ्ठावीस पाउंडांचा ताणा

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिचा धागा तपासतात. चादर असो, गोणी असो, नाहीतर माझ्या माहेरून आलेली साडी असो. नवरा ती दोन बोटांत धरून ओढणार, नखानं टिचकी मारणार आणि मगच तोंड उघडणार. निजामपुऱ्यात आमचे कापडाचे लूम आहेत, त्यामुळे या खानदानी रोगाला औषध नाही. मी बॅडमिंटनची रॅकेट आणायला निघाले आणि "चल, मी पण येतो" म्हणत हे पायांत चप्पल सरकवू लागले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

खेळाचं खूळ माझ्या थोरल्या जावेचं. आम्ही दोघी पंधरा वर्षं एका चुलीवर राबलो, मिठावरून भांडलो, एकमेकींची पोरं वाढवली. मग घरं वेगळी झाली. ती काल्हेरला गेली, आम्ही भिवंडीतच राहिलो आणि भेटी उरल्या त्या गणपतीत, नाहीतर कुणाच्या हळदीत. तिथं बायकांच्या गर्दीत बोलणं कसलं होतंय! अशात तिच्या गोडाऊनमधला भाडेकरू गेला. नवीन मिळेपर्यंत तिनं आत कोर्टाचे पिवळे पट्टे मारून घेतले, जाळी बांधली आणि मला फोन केला, "ये गो सकाळची. मला डबल्सला जोडीदार पायजे."

मी तिच्या लेकीची रॅकेट घेऊन खेळायला लागले. समोर तिच्या शेजारच्या दोघी असायच्या. खेळ संपला की आम्ही दोघी शटरपाशी उलट्या क्रेटवर बसायचो, थर्मासमधला चहा प्यायचो आणि मनात साठलेलं सगळं बोलून मोकळ्या व्हायचो. खरं सांगते, मी खेळायला जात होते ती त्या चहासाठी. मग लेक हॉस्टेलला गेली आणि रॅकेटही तिच्यासोबत गेली. त्याच सुमारास तिथल्या इमारतीतली एक उंच, तरणी बाई रोज कडेला उभी राहून आमचा खेळ बघू लागली. कुणाच्या बदली एखादा डाव मिळाला की तिच्या स्मॅशनं गोडाऊनचे पत्रे वाजायचे. तिला जोडीदार नव्हता. मला रॅकेट नव्हती. पुढचं काय ते मला दिसत होतं.

धामणकर नाक्यावरच्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, आप अटॅक खेलती हो या डिफेन्स?"

मी विचार करत होते, तेवढ्यात नवऱ्यानं उत्तर दिलं, "अटॅक. घरात बघतोय ना मी."

झालं. दुकानदारानं डोक्याकडं जड, दांड्याला कडक अशी रॅकेट काढली. आमच्या बजेटच्या बाहेरची होती, पण बजेट बाहेर गेलं की यांची छाती फुगते. वर तारेला टिचकी मारून म्हणाले, "ढिली हाय. अजून खेचा." चोवीस पाउंड, सव्वीस पाउंड असं करत तारेचा ताण अठ्ठावीसवर नेला. टणटण आवाज आला तेव्हा कुठं साहेबांचं समाधान झालं.

त्या रॅकेटनं माझी शोभा केली. शटल तारेवर आपटून जाळीच्या अलीकडंच पडायचं. लांब जावं म्हणून मी जीव खाऊन हात फिरवायचे. आठवड्याभरात कोपर असं धरलं की कणीक मळवेना. डॉक्टरनं पट्टा दिला आणि खेळ बंद केला. जाऊ फोनवर एवढंच म्हणाली, "बरी हो पयली." मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. गोडाऊनमध्ये त्या उंच बाईनं माझी जागा घेतली असणार, आणि क्रेटवरचीसुद्धा.

एकदा दुपारी यांना जेवायला वाढताना माझं डोकं फिरलं. म्हटलं, "लूमवर उभ्या धाग्यांचा ताणा असा आवळाल का हो तुम्ही?"

"येडी हाय का? सगळे धागे तुटतील."

"मग माझ्या कोपरात काय लोखंड घातलंय?"

त्यांनी घास खाली ठेवला आणि डाव्या हातानं माझा पट्टा चाचपून पाहिला. जेवण होताच आम्ही दुकानात गेलो.

दुकानदारानं पुन्हा तेच विचारलं. या वेळी नवऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "मी जाळीपाशी उभी असते. शटल हळूच पलीकडं टाकते. मागचं सगळं माझी जाऊ बघते. आणि मनगट पोळ्या लाटणारं आहे." त्यानं हलकी, दांड्याला लवचीक रॅकेट दिली, तार बावीसवर बांधली आणि मुठीला जाड ग्रिप गुंडाळली. किंमत पहिलीच्या निम्मीसुद्धा नव्हती. पिसांची शटलं रोज फुटतात म्हणून नायलॉनचा डबा घेतला. जड रॅकेट आता यांच्या कपाटावर आहे. पाहुणे आले की तिच्या तारेला टिचकी मारून दाखवतात.

कोपर बरं झाल्यावर मी न सांगताच काल्हेरला गेले. आत शिरायचा धीर होईना. आतून खेळाचा आवाज येत होता. ती उंच बाई शटरपाशी पाणी पीत उभी होती. मला बघून जरा फणकाऱ्यानंच म्हणाली, "आलात एकदाच्या? तुमच्या जाऊबाई कुणालाच सोबत घेत नाहीत. मी तीनदा विचारलं. एकट्याच पलीकडच्या दोघींशी खेळतायत."

मी आत पाहिलं. जाऊ अख्ख्या कोर्टभर धावत होती, साडीचा पदर खोचलेला, घामानं चिंब. कडेला उभ्या दुसऱ्या एका बाईनं हाक मारली, "अहो, दमाल. मी येऊ का जोडीला?"

ती वळलीसुद्धा नाही. शटल उचलत म्हणाली, "न्हाय गो. जोडीची शीट भरलेली हाय."