मशिदीऐवजी नाला

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या नकाशातून मशीद मी वगळायला लावली होती. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आमचं घर फुलचूरकडच्या वस्तीत, मशिदीच्या मागच्या गल्लीत. प्लॉट नंबर आहे, पण तो फक्त टॅक्सच्या पावतीला ठाऊक. सिलिंडरवाला, पोस्टमन, पाहुणे, सगळे मशीद विचारतच येतात. लहानपणी बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, "हरवलास तर मशीद सांग." एकदा बाजारात हरवलो तेव्हा तेवढंच बोललो, आणि एका रिक्षावाल्याने दारात आणून सोडलं. दुपारची अजान झाली की आई वरणाला फोडणी द्यायची. घरातलं घड्याळ महिनोन्महिने बंद असायचं, जेवण कधी चुकलं नाही.

अशा घरातून मी मोठा झालो, मास्तर झालो, रोज फळ्यावर सुविचार लिहू लागलो. मग साखरपुड्यात जावयाचा मामा म्हणाला, "मशिदीच्या मांगं राह्यता का तुम्ही?" सहज म्हणाला तो. पुढचं सगळं मी घरी येऊन मनानं वाढवलं.

प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा माणूस माझ्याच वयाचा, त्याच मशिदीत नमाजाला जाणारा. त्याच्याकडे काम दिलं की प्रूफ पाहायची गरज नाही, अशी त्याची गावभर ख्याती. नकाशात त्याने मशीद सुबक दाखवली होती, मिनारासकट. मी म्हटलं, "ही नको."

"सर, मस्जिद हटा दूँ तो आपका घर किधर दिखाऊँ?"

"नाल्याजवळ दाखवा."

मशिदीमागे राहणाऱ्यापेक्षा नाल्याकाठचा माणूस खानदानी दिसतो, अशी माझी त्या दिवशीची अक्कल. त्याने एक बटण दाबलं. मशीद गेली.

लग्न घरासमोरच्या मांडवात, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाडाची बस नाला विचारत विचारत गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुर्रीकडे गेली. नाल्यांना काय कमी आहे आमच्याकडे! मुहूर्त टळत आला तसा व्याह्यांचा फोन आला. "कवाचे नाल्यापाशी उभे आहो आम्ही. मच्छर चावून राहिले. मांडव कोठं हाये तुमचा?"

आणि मी भर मांडवात, सगळं बळ लावून ओरडलो, "मशीद विचारा! कोणीही सांगेल!"

बस आली. व्याही पत्रिका नाचवतच उतरले. "मंग यात काऊन नाही टाकली मशीद?"

सगळे पाहू लागले. समोर प्रेसचा मालक होता, शेजारी तो कॉम्प्युटरवाला, इस्त्रीच्या कुर्त्यात, हातात आहेराचं पाकीट. मी बोट दाखवलं. "मी सांगितलं होतं. यांच्याकडून राहिली."

तो माझ्याकडेच पाहत म्हणाला, "हाँ, मुझे दिखी नहीं."

"मियाँभाईलेच मशीद नाही दिसली!" मामा खो खो हसला. मांडव हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. त्याने पाकीट माझ्या मुलीच्या हातात दिलं आणि न जेवता गेला.

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कामाचं प्रूफ मालक स्वतः पाहतो.

परवा नातवाच्या बारशाची पत्रिका छापायला द्यायला प्रेसमध्ये गेलो. मान वर न करता त्याने विचारलं, "नक्शे में क्या डालूँ, सर? नाला?"

"मशीद टाका," मी म्हटलं.

शेजारून मालक त्याला म्हणाला, "इस बार भूलना मत."

बोलायची वेळ तीच होती. मी चष्मा पुसत राहिलो.

बारशाला व्याही येतील, मामा येईल, मालकाला आणि त्यालाही बोलावलं आहे. या सगळ्यांसमोर, त्याच्या देखत, मला सांगायचं आहे की चूक त्याची नव्हती. मशीद मीच काढायला लावली आणि नंतर खोटं बोललो. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.