उज्ज्वलाची ‘चूक’

उज्ज्वला गेल्याची बातमी मला मोबाइलवर आलेल्या एका कात्रणातून कळली. ‘रसायन हाताळताना महिला कर्मचाऱ्याची चूक, आगीत मृत्यू.’ त्या ओळीत मृत्यू तेवढा खरा होता. आता महिना उलटून गेलाय. तिच्याबद्दल शांतपणे लिही, असं सगळे सांगतात. मला ते जमणार नाही.

लोहाऱ्याच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिच्या घरी मेंढरं होती, वडील वर्षातले कितीतरी महिने कळपामागं हिंडायचे. पुढं मी इथंच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि ती डॉक्टरेट करून परराज्यातल्या एका खासगी कंपनीत संशोधक झाली. एर्बियम नावाच्या दुर्मिळ मृदा धातूचं एक संयुग तयार करणं, हे तिचं काम. धातूच्या अणूभोवती कार्बनची पाचकोनी कडी बसवली की गुलाबी पावडर हाती येते. निर्वातात तापवली तर ती थेट वाफ होऊन उडते आणि त्या वाफेतून चिपवर एर्बियमचा पातळ थर चढवता येतो. दिवाळीत गावाकडं आली की मी तिला वर्गावर न्यायचे. “तुम्ही मोबाइलवर बघता ते सगळं काचेच्या तारेतून उजेड होऊन येतं,” ती पोरांना सांगायची. “लांबच्या वाटेवर उजेड थकतो. एर्बियम त्याला परत दम देतं. तेच काम नखाएवढ्या चिपवर व्हावं, म्हणून माझी ही पावडर.” मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्या दिवशी गप्प बसून ऐकायची.

ही पावडर उघड्यावर काढता येत नाही. हवा आणि ओल लागली की रंग जातो, माल वाया. ती बनवताना जो सोडियमचा क्षार लागतो तो तर हवेत सरळ पेटतो. म्हणून सगळं काम आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत चालतं. पेटीला समोरून काच, आणि काचेतच बसवलेले जाड रबरी हातमोजे. भांडीसुद्धा भट्टीत तापवून, पार कोरडी करून आत घ्यायची. हे ती एकदा तिच्या आईला, म्हणजे मावशींना, समजावत होती. मावशी म्हणाल्या, “म्हंजी लोणच्याच्या बरणीला वला हात लावू देत न्हाय, तसंच की.” उज्ज्वला खूप हसली होती. “तसंच आई. फक्त इथं लोणचं नासत न्हाय, पेटतंय.”

तेरावं झाल्यावर कंपनीचे एक साहेब घरी आले. सोबत इम्रान होता, उज्ज्वलाच्या हाताखाली काम करणारा तरुण रसायनतज्ज्ञ. साहेबांनी फोटोला हार घातला, चहा घेतला आणि मऊ आवाजात म्हणाले, “मॅडम हुशार होत्या. पण त्या दिवशी जरा घाई झाली त्यांच्याकडून.”

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. “घाई? साहेब, माजी लेक गरम च्याबी कदी पेली न्हाय. निवू द्याची, मग प्याची. तुमी कुणाची गोष्ट सांगाया लागलाव?”

यावर इम्रान बोलला. पेटीच्या एका हातमोज्याला चीर पडली होती. उज्ज्वलानं नवे मागितले होते, पुन्हा मागितले होते. तोवर चिकटपट्टी लावून भागवा, असं उत्तर आलं. त्या सकाळी पेटीतल्या ओलीचा काटा चढलेला बघून तिनं काम थांबवलं होतं. वरून निरोप आला, की माल आज जायलाच पाहिजे. “मॅडम मला म्हणाल्या, तू लांब थांब, मी करते. पट्टी सुटली, आतला क्षार पेटला, द्रावकाची वाफ भडकली. वॉचमन पाण्याचा पाइप घेऊन धावला. मॅडमच्या ओढणीनं पेट घेतला होता, तरी त्या आधी त्याला अडवत होत्या. पाणी नको, वाळू आणा, म्हणत होत्या. सोडियमवर पाणी पडलं असतं तर मी आणि वॉचमनही गेलो असतो, मावशी.”

“इम्रान, विचार करून बोल,” साहेब म्हणाले.

“इतके दिवस तेच केलं सर,” तो म्हणाला.

मावशींनी त्याला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. साहेबांकडं मात्र त्यांनी परत पाहिलं नाही.

इम्राननं पुढं तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनाही हेच सांगितलं. त्याची नोकरी गेली. चौकशी चालू आहे म्हणतात. ज्यांनी ‘चूक’ छापली त्यांना मी दोनदा फोन केला. आता ती बातमी जुनी झाली, असं उत्तर मिळालं. ज्या बाईनं मरतामरता दोन माणसं वाचवली, तिच्या नावापुढं चूक लिहायला एक सकाळ पुरली आणि ती पुसायला कुणाला सवड नाही. गावातले काही शहाणे तर म्हणतात, पोरीला एवढं शिकवायचं कशाला... त्यांना माझं एकच विचारणं आहे. रबरी हातमोजे द्यायचं काम कुणाचं होतं?

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आग विझवायच्या, वाळूच्या दोन लाल बादल्या आहेत. वर्षानुवर्षं त्यांत खडूचे तुकडे, कागदाचे बोळे आणि पोरांचा कचरा असायचा. गेल्या दिवाळीत उज्ज्वलानं त्या ओसरीवर उपड्या केल्या, पदवीधर शिक्षकांदेखत धुतल्या, वाळू चाळून उन्हात पसरली आणि संध्याकाळी हात घालून कोरडी झालीय का बघून मग भरली. परवा शिपाईमामांनी विचारलं, “म्याडम, जागा अडती, आत सरकवू का?”

“नको मामा,” मी म्हणाले, “हाताशी राहू द्या.”

मग मनगटापर्यंत वाळूत हात घातला. कोरडी होती.