गाडग्यातली कॉफी

दादांच्या जिभेचा आम्हा सगळ्यांना वैताग होता. दादा म्हणजे आमचे वडील. तरुणपणी फौजेत दक्षिणेला राहिलेले आणि तिथून कॉफीचा नाद घेऊन गंगाखेडला परतलेले. दक्षिणेतून मागवलेली पूड जरा शिळी असली की पहिल्याच घोटाला कप सरकवायचे. "हे काय, भुसा उकळलास का?" माय रडकुंडीला यायची आणि मी तिच्या बाजूनं भांडायला उठायचे. बिनपगारी वकिली होती ती माझी.

दुष्काळाच्या साली त्यांच्या फौजेतल्या दोस्तानं कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया पाठवल्या. दादांनी समजावून सांगितलं, भाजलेली बी लवकर मरते, कच्ची टिकते. नीट ठेवली तर जुनी होताना तिचा आंबटपणा उतरतो आणि चव भारदस्त होते. मायनं यातलं एवढंच धरलं की तांदळासारखी हीसुद्धा जुनी झाली की चांगली. थोड्या बिया वापरायला काढून उरलेल्या तिनं तुरीच्या बियाण्यासारख्या राखेत घोळवल्या, मधे कडुलिंबाचा पाला घातला, गाडग्यात भरल्या आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकलं. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात त्यांचं येणं कपापुरतं.

ते गाडगं फोडलं तेव्हा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती आणि दादांनी अन्न सोडलं होतं. पोटाचं दुखणं. परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अंगात ताकद आली तरच ऑपरेशन करता येईल, काहीही करून यांना खाऊ घाला. काहीही करून म्हणजे काय करून, ते कुणी सांगत नाही. पेज, दूध, मऊ खिचडी, सगळ्याला दादा तोंड फिरवायचे. मी विनवण्या केल्या, ओरडले, एकदा तर चमचा त्यांच्या दातांत कोंबायला गेले. भीतीनं माझं डोकं चालेनासं झालं होतं. शेवटी म्हटलं, "दादा, कायतरी मागा. काय बी मागा."

"कॉफी," ते म्हणाले.

गावात चहाशिवाय काही मिळत नव्हतं. मायला मात्र हुरूप आला. "हाय की माझ्याकडं. आता तर लय मुरली असंल."

बिया पांढुरक्या पडल्या होत्या, हातात घेतल्या तर वजनच लागेना. धुऊन, वाळवून तिनं त्या तव्यावर भाजल्या. पूर्वी भाजताना गल्लीपर्यंत वास जायचा. आता जुनं पोतं जळावं तसा वास आला. मी एक घोट घेऊन पाहिला. आंबटपणा गेला होता खरा, पण त्याच्यासोबत सगळंच गेलं होतं. लाकडाची चव, राखेची चव आणि घशात उतरताना कडुलिंबाचा कडूपणा. मला बरं वाटलं. वाटलं, आता दादा भडकतील, कप सरकवतील, भुसा म्हणतील. मला तेवढंच हवं होतं. ज्याला राग येतो त्याला भूकही लागेल, असं मी मनाशी धरून बसले होते.

मी त्यांना टेकवून बसवलं, कप ओठाला लावला. एक घोट. दुसरा. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते, आठी पडते का म्हणून. ते सावकाश, शहाण्या पोरासारखे सगळी कॉफी प्याले.

"दादा, बोला की कायतरी. शिव्या द्या."

"कशाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू का रडायलीस? चांगली झालीय की."

आत मायनं ते ऐकलं. "मी म्हन्ले व्हते ना," ती म्हणाली आणि आणखी एक मूठ बिया तिनं तव्यावर टाकल्या.