नळ आल्याची हाक

आमच्या गल्लीत नळ येतात ते आठ-दहा दिवसांनी, आणि कधी येतील हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. कधी पहाटे, कधी जेवणं चालू असताना, कधी भर दुपारी. चिखलीत राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. आम्ही त्याप्रमाणे बाहेरगावची लग्नं टाळतो, पाहुण्यांना तारखा देतो आणि कपडे भिजवायचे की नाही ते ठरवतो.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर आमचं. मोठ्या पाइपातून फाटा फुटतो तो आमच्या फाटकापाशी, म्हणून पाणी आधी आमच्याकडे येतं आणि मग एकेक घर करत शेवटापर्यंत जातं. जोर इतका कमी की वर तोटी बसवली तर थेंब चढत नाही. म्हणून प्रत्येकाने दारापुढे खड्डा करून नळ खाली घेतलेला आहे, आणि खड्ड्यातली माती आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडाला लाकडाचं बूच ठोकलेलं. बूच काढलं तर पाणी, नाही काढलं तर पाणी आलं कधी आणि गेलं कधी, पत्ताच लागत नाही. त्यामुळे गल्लीची एक पद्धत पडून गेली आहे. पहिल्या घराने ओरडायचं, "नळ आले हो!" ते ऐकून दुसऱ्याने तिसऱ्याला हाक द्यायची, तिसऱ्याने चौथ्याला.

पहिली हाक माझी. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय होती. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला एवढंच काम उरलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला फार अभिमान होता. पहाटे पाइपात सूं असा आवाज झाला की मी उठायचो, खड्ड्यात वाकून बूच काढायचो, ओंजळीत पाणी घेऊन बघायचो आणि फाटकात उभा राहून हाक द्यायचो. पुढे गल्लीत कड्या वाजायला लागायच्या, बादल्या आपटायच्या. आत येऊन मी चहा मागायचो तो हुकूम सोडल्यासारखा. बायको म्हणायची, "जसं काही तुम्हीच धरणातून आणलं."

हिवाळ्यात त्या खड्ड्याच्या काठावर माझा पाय सरकला. मोडलं-बिडलं काही नाही, पण बायकोने ते पुण्याला मुलाच्या कानावर घातलं. तो सुट्टी काढून आला तो एक खोकं घेऊनच. "बाबा, आता वाकायचं नाही. सगळं आपोआप होईल."

आणि त्याने खरंच तसं केलं. खड्डा बुजवून नळाचं पाणी थेट अंगणातल्या टाक्यात सोडलं. पाइपात एक चिमुकली चकरी बसवली; पाणी आलं की ती फिरणार आणि माझ्या मोबाईलवर टुणटुण वाजणार. टाकं भरत आलं की मोटर आपली आपण चालू होऊन पाणी गच्चीवर चढवणार, गच्चीवरची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन मोटर बंद होणार. फाटकावरचा दिवासुद्धा अंधार पडला की लागणार. मी काय करायचं? काही नाही. हे 'काही नाही' मला ऐकताना बरं वाटलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

मुलगा पुण्याला गेला आणि ती यंत्रणा रुसली. मोटरला हुकूम देणारी डबी गच्चीवर होती, तिच्यापर्यंत वायफाय पोचेना. लाईट जाऊन आली की डबी सगळं विसरायची आणि तिला पुन्हा ओळख करून द्यावी लागायची. मग मी एका हातात मोबाईल धरून जिन्यावर उभा, आणि मुलगा व्हिडिओवर.

"बाबा, दिवा लाल आहे की निळा?"

"निळा. लुकलुकतोय."

"हळू की भराभर?"

"मध्यम."

"मध्यम असं काही नसतं, बाबा. नीट बघा."

हाच स्वर. 'नीट बघ' हे मी वर्गात किती पोरांना याच स्वरात म्हटलं असेल. विद्युत परिपथ शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला आता दिव्याचं लुकलुकणं ओळखता येत नव्हतं. मला राग आला तो मुलाचा नाही, त्या निळ्या दिव्याचा. तरी हट्टाने शिकलो. वायफायचा डबा माडीच्या खिडकीत हलवला, डबीला इन्व्हर्टरची लाईन दिली, आणि एक दिवस सगळं सुरळीत चालू झालं. गल्लीतल्या दोघाचौघांना बोलावून मी ते दाखवलंसुद्धा. दिवा बटण न दाबता कसा लागतो, टाकीत पाणी किती आहे ते ओट्यावर बसून कसं कळतं. लोकांनी कौतुक केलं आणि मी फुगलो.

मग एका सकाळी मोबाईल टुणटुणला. मी बघितलं न बघितलं, फाटकात जाऊन हाक ठोकली. गल्ली बाहेर आली. बुचं निघाली, नळ्या लागल्या, ड्रम सरकले. नळांतून नुसता फुसफुस वारा. उभं राहून राहून लोक घरात गेले. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि या खेपेला शेवटच्या घरातला एक जण रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या मोबाईलले म्हना, एक बालटी भरून दाखव मले."

सगळे हसले. मी त्यांना समजावू लागलो की दुसऱ्या भागाला पाणी सोडलं की आपल्या रिकाम्या पाइपात नुसती हवा ढकलली जाते, त्या हवेनेच चकरी फिरली असणार, यात माझी चूक नाही. जसजसा समजावत गेलो तसतसे ते जास्त हसले. हसण्यात विष नव्हतं. पण माझ्या शिकवण्यावर असं कुणी हसलेलं मला सोसत नाही.

त्याच दुपारी बसून मी दुरुस्ती केली. चकरी बराच वेळ एकसारखी फिरली तरच पाणी आलं असं समजायचं, अशी सोय त्या यंत्रणेत होती. ती शोधून काढली, कुणालाही न विचारता. आणि मोबाईलची ती टुणटुण बंद करून टाकली. म्हटलं, अधूनमधून आपण स्वतः बघू, खात्री करू आणि मगच तोंड उघडू. पुन्हा हसं नको. आपण मोबाईलचा नाही, गल्लीचा आवाज बंद करतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्या शेजारचं, म्हणजे दुसरं घर, एका बाईंचं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ आठवडाभराचंही नव्हतं. उन्हाळा असा की सकाळी नऊलाच रस्ता ओस. त्या दिवशी नळ येण्याची पाळी होती. सकाळी बाई फाटकाशी आल्या.

"सर, आज येतीन ना नळ? ड्रम पुरा खाली झाला. बाळंतीन हाय घरात, ध्यान ठेवजा."

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "आता मोबाईल आहे."

सकाळभर मी दर थोड्या वेळाने मोबाईल बघत होतो. जेवलो. कूलर लावला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर आडवं झालेला माणूस असून नसल्यासारखा असतो. पाइपाचा आवाज तर आता अंगणातल्या टाक्यात गडप झाला होता आणि उरलेला कूलरच्या घरघरीत. मी गाढ झोपलो.

कडी वाजली म्हणून जागा झालो. दारात बाई होत्या, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. इतक्या उन्हात.

"सर, तुमच्या टाकीचं पानी रस्त्यावर येऊन राह्यलं."

बाहेर आलो. गच्चीवरच्या टाकीतून पाण्याची धार भिंतीवरून उतरत होती, ओट्याखालून नालीत जात होती आणि नाली भरून गल्लीच्या उतारावर खाली वाहत होती, दुसऱ्या घरावरून, तिसऱ्या घरावरून. दोन शेळ्या नालीत तोंड घालून पीत होत्या. मी धावत जाऊन मोटर बंद केली. तोवर बाईंनी आपल्या खड्ड्यातलं बूच काढलं होतं. करंगळीएवढी धार आली, बारीक झाली आणि मग सूं करून हवा. त्या खड्ड्यात वाकलेल्याच होत्या, हंड्याच्या तळाला जेमतेम पाणी.

"गेले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "काऊन हाक नाई देल्ली सर?"

एवढंच. त्या भांडल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. मला भांडता येतं. पण त्यांनी खरोखरच विचारलं होतं, काही कारण असेल म्हणून. मी खिशातून मोबाईल काढला. त्यावर नीटनेटकी सूचना येऊन पडली होती: पाणी आले, टाकी भरत आहे. मी ती त्यांना दाखवायला म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गच्चीवर जाऊन बघितलं तर तरंगत्या गोळ्याच्या दांडीवर क्षारांचा पांढरा थर धरला होता. आमच्या पाण्याला हा थर सगळीकडे धरतो, माठाला, तांब्याला, कूलरच्या जाळीला. विज्ञानाच्या मास्तरला हे सुचायला हवं होतं. गोळा खालीच अडकला होता आणि मोटरला वाटत होतं की टाकी रिकामीच आहे. मी दांडी पुसत तिथे उन्हात उगीचच बसून राहिलो, कारण खाली जायची लाज वाटत होती.

बायको माझ्यासाठी थांबली नाही. खाली आलो तर तिने टाकीच्या नळाला नळी लावून ती फाटकाबाहेर काढली होती आणि घरोघर जाऊन सांगून आली होती. संध्याकाळी आमच्या फाटकापाशी रांग लागली. हंडे, कळश्या, रंगाचे डबे. बायकोने नळी माझ्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. "आता निदान एवढं तरी करा."

मी धरली. पहिला हंडा दुसऱ्या घराचा. मग बाकीचे. जो तो भांडं भरून उचलताना काहीतरी बोलत होता. "लई उपकार झाले सर." "तुमच्यामुळं निभलं, नाई तं लेकराईचे हाल होते." मनापासून बोलत होते. त्यांचंच पाणी, मी झोपेत अडवून घेतलेलं आणि उरलेलं नालीत सोडलेलं, मी त्यांना वाढत होतो आणि ते माझे आभार मानत होते. प्रत्येकाला मी 'अहो, त्यात काय' म्हणत होतो, आणि दर वेळी ते म्हणताना कान तापत होते. एकाने तरी शिवी हासडायला हवी होती. त्या बादलीवाल्यानेसुद्धा काही टोमणा मारला नाही. त्याने नुसतं भांडं पुढे केलं, आणि तेच जास्त लागलं.

अंगणातलं टाकं उपसलं, टाकी रिकामी झाली, तरी शेवटच्या दोन घरांना पुरलं नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, आवाजात आनंद. त्याला तिकडे पुण्यात सगळं दिसत होतं. "बाबा, आज एकदम व्यवस्थित चाललं की! पाणी आलं, टाकं भरलं, मोटर चालू झाली. तुम्हाला उठावंसुद्धा लागलं नाही."

"हो," मी म्हणालो. "उठावं लागलं नाही."

त्याला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं दुसऱ्या दिवशी, बायको समोर बसून बघत होती म्हणून. तो म्हणाला की भोंगा बसवता येईल, नळ आले की आपोआप अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. पोरगं गुणी आहे, वाईट वाटून बोलत होतं. मी नको म्हणालो. त्याच संध्याकाळी चकरी काढून ठेवली, बुजवलेला खड्डा पुन्हा उकरून घेतला आणि काठाला धरायला एक लोखंडी दांडा बसवून घेतला. फाटकावरचा दिवा तेवढा राहू दिला. ठरवलं की पुढची पाळी येईल तेव्हा अंगणातच झोपायचं, नळाशेजारी.

झोपलो कुठला. रात्रभर कूस बदलत होतो आणि मनात हाक घोळवत होतो. या वेळी नेहमीपेक्षा मोठ्याने द्यायची, शेवटच्या घरापर्यंत एका दमात जाईल अशी. त्या एका हाकेने सगळं पूर्वीसारखं होईल असं मला वाटत होतं. माणूस या वयातही असं मानतो.

पहाट फुटताना पाइपात सूं झालं. मी दांड्याला धरून वाकलो, बूच काढलं, हवा गेली आणि ओंजळीत गार पाणी आलं. उठलो, घसा खाकरला, फाटक उघडलं.

फाटकाबाहेर, आमच्याच पायरीवर, दुसऱ्या घरच्या बाई बसलेल्या होत्या. अंगावर पांघरूण, शेजारी बादली, आणि एक हात आमच्या भिंतीलगतच्या पाइपावर ठेवलेला. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे. पाइपाची थरथर त्यांना हाताला कळली असणार, कारण त्या उभ्या राहतच होत्या. मला बघून ओशाळल्या. चोरी मीच केली होती आणि ओशाळल्या त्या.

"झोपा ना सर तुमी," त्या म्हणाल्या. "आमी पाळ्या लावल्या आता. आज माही हाय."

आणि गल्लीकडे वळून त्यांनी हाक दिली. आवाज बारीक होता, पण पोचला. तिसऱ्या घराने उचलला, मग चौथ्याने. कड्या वाजल्या. हाक माझ्यापासून दूर दूर जात शेवटपर्यंत गेली, आणि मी फाटकात ओले हात घेऊन उभा होतो.

जाता जाता त्या थांबल्या. कुणी राहून जाऊ नये म्हणून एकेका घराला सांगतात, तशा हळू आवाजात मला म्हणाल्या, "सर, नळ आले हो."

मी हो म्हणालो आणि हंडा आणायला आत गेलो.