मेणाचा हात

मोशीकर मंडळी, सकाळपासून एक मेणाचा हात मांडीवर घेऊन बसलोय.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पुण्यात कॉलेजात होतो. वर्गातल्या ख्रिस्ती मित्राबरोबर वांद्र्याला मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला गेलो. घरी आईचा उजवा हात लुळा पडलेला. मित्र म्हणाला, "मेणाचा हात घे आणि माउलीला वाहा."

मी तो माउलीपुढं धरला, डोळे मिटले आणि प्रसाद समजून पिशवीत घालून घरी आणला.

आईनं डाव्या हातानं तो देव्हाऱ्यात ठेवला. "माझ्यासाठी आणलास व्हय?" एवढंच म्हणाली. तिचा हात शेवटपर्यंत हलला नाही.

काल नात वांद्र्याला जाऊन आली. आज सकाळी देव्हाऱ्यासमोर थबकली. "आजोबा, हा तिथंच ठेवून यायचा असतो."

म्हणजे नवस पोचलाच नव्हता.

रडू आलं नाही. जेवायला हाक आली, जेवलो. काय भाजी होती, आठवत नाही.

नात म्हणते, रविवारी नेऊन ठेवते. पण इतक्या उन्हाळ्यांत या हाताची बोटं आत वळलीत. आईची वळली होती, अगदी तशीच.

तुम्ही दिला असता का?