मागचं डावं चाक

हेमराजभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दरेकशाच्या चढावर होतो. दुसरा गिअर, मागे धानाची पोती, आणि बाजूनं एक म्हातारा सायकल हातानं ढकलत चाललेला. तो मला मागे टाकत होता. फोनवर बायको, रेखा. "भाऊ गेला जी," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. मेलेल्या माणसाविषयी पहिल्यांदा मनात काय आलं ते खरं लिहायचं तर... हा आता कबूल कधी करणार? दीड वर्ष मी एकाच गोष्टीसाठी झुरत होतो, की माझी पिकअप एकदा तरी हा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढावी, लिटरमागे बारा किलोमीटर द्यावी, आणि मी ती कुडव्याला त्याच्या गॅरेजसमोर नेऊन त्याचं तोंड बंद करावं. आणि हा माणूस सकाळचा चहा पिता पिता परस्पर निघून गेला. याला आता सहा महिने झाले. राग जसाच्या तसा आहे.

हेमराजभाऊ म्हणजे रेखाचा थोरला भाऊ, माझा साळा. सगळी हयात गाड्यांची मिस्त्रीगिरी केली, पण त्याच्या जिभेला कधी ग्रीस लागलं नाही. गाडी दारात आली की बोनेट उघडायच्या आधी तो तिच्याभोवती फिरायचा आणि चारही चाकांवर तळहात ठेवून पाहायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. जे चाक गरम, त्याचा ब्रेक धरून राहिलाय. आणि धरलेला ब्रेक गाडीची ताकद खातो, डिझेल पितो. एवढंच त्याचं शास्त्र. मला ते अगदी बैलगाडीच्या काळातलं वाटायचं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शहाणा झालेला माणूस!

"भाऊ, जमाना पुढं गेला," मी म्हणायचो.

"जमाना गेला जी जवाईबापू, तुमची गाडी काऊन मागं राहिली?"

ती मागं राहू नये म्हणून मी काय नाही केलं? डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधलं. गोंदियातून एक चिप आणून बसवली. डिझेलचा पंप वाढवून घेतला, त्यानं ताकद वाढली नाही, धूर वाढला. वजन कमी व्हावं म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवली आणि त्याच आठवड्यात सालेकशाच्या जंगलात पंक्चर झालो. तेंदूपत्त्याच्या मजुरांनी मला दुपारभर करमणूक म्हणून पाहिलं. गाडीचं वजन असं किलोकिलोनं कमी करताना ड्रायव्हरचं पोट मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचे लायनर वर्षात दोनदा जळाले, तेव्हा मी दुकानदाराला शिव्या घातल्या. माल नकली देतो म्हणून.

मग हेमराजभाऊच्या पोरीचं लग्न आलं. आमच्याकडे जावई सासरी आला की साळा तांब्या घेऊन समोर येतो, पाय धुवायला पाणी देतो, मग राम राम. मी मांडवाच्या दारात पिकअप उभी केली. धुराचा एक काळा लोट बँडवाल्यांच्या पांढऱ्या ड्रेसवर गेला. हेमराजभाऊ तांब्या घेऊन आला. मी चपला काढल्या, पाय पुढे केला. तो माझ्या बाजूनं निघून गेला, चाकांवर हात ठेवत गाडीभोवती फिरला, मागच्या डाव्यापाशी थांबला आणि अख्खा तांब्या त्या चाकावर ओतला. छन्न! वाफ उठली.

"ज्याचे पाय जळून राहिले त्याले पाणी देल्लं," तो सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जवाईबापू तं थंडे हाय!"

मांडव हसला. व्याही हसले. माझा एक पाय तसाच पुढे. आणि मी आजही म्हणतो, ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर कोणी थंड पाणी ओततं का? तडा जातो. मिस्त्री असून त्याला हे कळत नव्हतं? कळत होतं. चार लोकांना हसवायसाठी त्यानं माझ्या गाडीचा ड्रम पणाला लावला... मी न जेवता रेखाला घेऊन परत फिरलो. ती सालेकशाला आमचं घर येईपर्यंत रडत आली. "तुमी नाई जात तं मी एकटी कोण्या तोंडानं जाऊ?" म्हणून तिनं माहेरी जाणं सोडलं. रक्षाबंधनाला तिनं राखी पोस्टानं पाठवली. मी त्याच आठवड्यात त्या गॅरेजवरून चारदा गेलो होतो.

तेरवीला गेलो तेव्हा वहिनी, म्हणजे हेमराजभाऊची बायको, तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या पायांवर पाणी घातलं आणि हळूच म्हणाली, "तुमची गाडी गेली का ते अंदरून आवाज आयकत. म्हणत, अजून तापूनच राहिली. आज येईल, उद्या येईल..."

"मंग बाहेर येऊन सांगितलं काऊन नाई?" मी तेरवीच्या घरी आवाज चढवला.

"सांगितलं तं होतं जी. सगळ्याइच्या समोर."

मी तसाच मागे वळलो. सालेकशाहून आलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. गॅरेजमधून हेमराजभाऊचाच जॅक घेतला, त्याचेच पाने, आणि पांढऱ्या कपड्यात खाली झोपलो. हँडब्रेकची केबल गंजून अर्ध्यात अडकलेली. सोडली तरी तो ब्रेक सुटत नव्हता. चढावर उभं राहताना मी हँडब्रेक असा ओढतो, जसा विहिरीतून बैल काढतोय. त्या ओढण्यानं केबल ताणली गेली, अडकली, आणि दीड वर्ष मी एक चाक धरून ठेवून बाकीच्या तिघांना पळवत होतो. अर्ध्या तासाचं काम. पहिली पंगत उठायच्या आत झालं.

पंप मी पुन्हा होता तसा करून घेतला. लोहचुंबक नातवाला दिलं. आता गाडी दरेकशाचा चढ तिसऱ्यात चढते, लिटरला बाराच्या वर जाते. म्हणजे तो बरोबर होता. बरोबर असलेल्या माणसानं इतकं वाईट वागू नये, आणि चूक असलेल्या माणसानं इतकं ताठ राहू नये. पहिलं मी त्याला कधीतरी ऐकवणार होतो. दुसरं रेखानं मला ऐकवायला हवं होतं. 

कुडव्याला आता ती दर पंधरा दिवसांनी माझ्यासोबत येते. गाडी थांबली की माझ्या आधी उतरते, पदर सावरत मागे जाते, डाव्या चाकावर तळहात ठेवते आणि ठेवूनच उभी राहते. मी विचारतो, "तापलं का?"

"थंडं हाय," ती म्हणते. चाकाला. मग माझ्याकडे न पाहता भावाच्या घरात शिरते.